माथ्यावरची झेप

सकाळची वेळ होती. माथ्यावरच्या मैदानात ऊन नुकतंच उतरलं होतं आणि दोन टोकांच्या दोन झाडांना टोपल्या टांगून झाल्या होत्या. त्या राज्यात पायथ्याला आणि माथ्यावर खेळ एकच चाले: चेंडू आपटत न्यायचा आणि टोपलीत टाकायचा. पायथ्याला कोणी चेंडू काखेत मारून पळालं की पंच टिटवी ओरडे आणि चेंडू समोरच्यांकडे जाई. माथ्यावर बिबट्या तसाच पळाला की पंच मोर पिसारा फुलवून म्हणे, “वा, काय झेप!”

आज पायथ्याच्या खारी पहिल्यांदाच वर खेळणार होत्या. जिंकल्या तर उन्हाळाभर माथ्यावरच्या झऱ्याचं पाणी. हरल्या तर खालचं आटत चाललेलं डबकं. मोराची पिसं झडली होती आणि त्या अवतारात तो चारचौघांत यायला तयार नव्हता. म्हणून टिटवीला बोलावणं गेलं.

“टिटवीबाई,” बिबट्या मिशीत हसला, “वरचे नियम ठाऊक आहेत ना?”

“मला एकाच प्रकारचे ठाऊक आहेत. दुसरे कोणी शिकवले नाहीत.”

खेळ सुरू झाला. बिबट्याने चेंडू छातीशी धरला आणि धूम ठोकली. टिटवीला विचार करायला उसंत मिळाली नाही. जन्माच्या सवयीनं तिच्या गळ्यातून आवाज निघून गेला. बिबट्या चेंडूसकट जागीच थबकला. निघालेला आवाज परत गिळता येत नाही.

“बाई, इथं याला झेप म्हणतात.”

“म्हणत असतील. खाली माझी पिल्लंसुद्धा याला पळवणं म्हणतात. चेंडू खारींना द्या.”

फांदीवरचं एक माकड खुदकन हसलं आणि मग सगळं रान हसलं. पुढच्या खेपेला बिबट्याने चेंडू आपटला. तो थेट त्याच्याच नाकावर आला.

“दादा, हळू,” एक खार म्हणाली, “तो चावत नाही.”

खारी जिंकल्या. दुपारी त्या झऱ्यात यथेच्छ डुंबल्या आणि काठावर बिबट्याच्या मावशीला हसून हसून उचकी लागली.

संध्याकाळी टिटवी रिकाम्या मैदानात उतरली. पिढ्यानपिढ्या तिथं खेळ झाला होता. मऊ मातीत पंजांचे ठसे होते, जुने, खोल, एकावर एक. चेंडूचे ठसे होते ते फक्त आजचे. जुने का नाहीत, हे माथ्यावर अजून कोणी सांगितलेलं नाही.