थंड राहण्याचे दोन मार्ग

"आणखी किती वाट पाहायची, महाराज? मला संन्यास देणार की नाही?"

मठाच्या ओसरीवर विश्वंभर हात जोडून बसला होता. पंचवीस वर्षे तो तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत होता. घरी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. तिचे पुटपुटणे त्याच्याखेरीज कोणालाच कळत नसे. डॉक्टरांना, भावांना तोच ते सांगे.

"आई दिवसभर बोलली नाही, तरी मी थकतो. भाऊ तिला वृद्धाश्रमात ठेवायला तयार आहेत. मला आता शांती हवी."

मठाधिपती वासुदेवस्वामींनी ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिले.

ओसरीवर मठाचा जुना ॲम्प्लिफायर झाकण काढून ठेवला होता. आत सभामंडपात एक वृद्ध बुवा क्षीण स्वरात नाम घेत होते. कर्ण्यातून शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता.

स्वामींनी आतल्या ट्रान्झिस्टरकडे, आवाज वाढवणाऱ्या त्या लहानशा भागाकडे, बोट दाखवले.

"हात लाव."

विश्वंभरने बोट टेकवले आणि झटकन मागे घेतले.

"बिघडला आहे?" स्वामींनी विचारले.

"महाराज, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारतात. याच्या बेस नावाच्या तारेला बुवांच्या आवाजाचा किंचित प्रवाह मिळतो. त्याच्या हुकमाने कलेक्टर या दुसऱ्या तारेतून मोठा प्रवाह वाहतो. हा सदैव अर्धवट उघडा, म्हणून तापतो. बुवा गप्प असले तरी तापतो."

"मोठा प्रवाह त्याचा स्वतःचा?"

"छे. तो पुरवठ्यातून येतो."

"थंड करता येईल?"

"दोन मार्गांनी. पूर्ण बंद करावा, नाहीतर पूर्ण उघडावा. बंद असला की प्रवाहच नसतो, पूर्ण उघडा असला की अडथळा नसतो."

"कर."

विश्वंभरने बेसची तार सोडवली. कर्णा मुका झाला. मग त्याने बेसला भरपूर प्रवाह दिला. कर्ण्यात एकदा खट् झाले. नाम उमटले नाही.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा बोट टेकवले.

"निवला."

"आणि बुवा?"

सभामंडपातले लोक माना वळवून ओसरीकडे पाहू लागले होते. बुवांचे ओठ हलत होते.

विश्वंभरने तार मुकाट्याने पूर्ववत जोडली. नाम पुन्हा ऐकू आले. "मी गेलो, तर आईचेही ओठ असेच नुसते हलतील," तो म्हणाला.

"हा जळून कसा जात नाही?" स्वामींनी विचारले.

"पाठीला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आहे. उष्णता तो ओढून घेतो."

स्वामींनी डोळे मिटले. तेही थकलेले दिसत होते.

"दर गुरुवारी तुझी धग इथे ठेवायला येत जा… आईंना माझा नमस्कार सांग. त्या काय म्हणाल्या, ते मला येऊन सांग."