कुकरची काळी मूठ

वस्तू आपापसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. एका भंगारवाल्याच्या अंगणात प्रेशर कुकरची काळी मूठ येऊन पडली. शेजारी प्लास्टिकची फुटकी बादली होती आणि प्लास्टिकचाच एक बिनझाकणाचा डबा.

"आता आपल्याला वितळवणार," बादली घाबरून म्हणाली.

"तुम्हाला वितळवतील," मूठ म्हणाली. "मी वीस वर्षं गॅसवर काढली, पण मला धरणाऱ्याचा हात कधी भाजला नाही. आगीला मी भीक घालत नाही!"

तेवढ्यात माल निवडायला शेवंताबाई आल्या. त्या एकेक वस्तू मेणबत्तीवर धरून पाहू लागल्या. बादलीची कड मऊ झाली, डब्याचीही झाली. दोघं एकाच पोत्यात गेले. मुठीचा मात्र नुसता करपट वास सुटला.

"बाई गं, तू काही वितळायची नाहीस. तुझं मी करू तरी काय?" असं म्हणत शेवंताबाईंनी तिला कुंपणाच्या भिंतीवर ठेवून दिलं.

मूठ जिंकल्यासारखी हसली. मग पोतं उचललं गेलं, आणि ते हसू ऐकायला अंगणात कुणी उरलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेवंताबाईंनी त्याच भिंतीवर मोगऱ्याची नवी कुंडी आणून ठेवली.

"ओळखलंस का मला?" कुंडीनं विचारलं.

"तू ती बादली?"

"बादलीही मीच आणि डबाही मीच. कुठं ती संपली नि कुठं तो सुरू झाला, आता आमचं आम्हालाच कळत नाही."

त्या दिवसापासून दुपारी भिंत तापली, की मूठ हळूच कुंडीला विचारायची, "बघ गं, जरा तरी मऊ झाले का मी?"