कपाटातला राउटर

वस्तू माणसांपेक्षा शहाण्या होत्या त्या काळी केळुसकरांच्या घरी एक महागडा राउटर आला. त्याला धूळ लागू नये म्हणून विश्राम केळुसकरांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, वायर आत घेतली, राउटर पैठण्यांच्या शेजारी ठेवला आणि दाराला कुलूप लावलं.

"मला बाहेर उंचावर ठेवायला हवं. लोखंडातून माझा आवाज बाहेर जात नाही," राउटर म्हणाला.

"माझ्या पोटात फक्त मोलाच्या वस्तू ठेवतात," कपाट गुरकावलं. "इथे जागा मिळाली हे तुझं नशीब समज."

हॉलमध्ये इंटरनेट रखडू लागलं. केळुसकरांनी कंपनीला शिव्या घातल्या आणि दुप्पट स्पीडचा प्लॅन घेतला. तोही कपाटातच अडकला.

मग मुलीची, तन्मयीची, ऑनलाइन मुलाखत आली. पहिल्याच प्रश्नाला तिचा आवाज तुटला. तिने वडिलांकडून किल्ली हिसकावली, कपाट सताड उघडलं आणि त्याला पाठ लावून खुर्ची टाकली. मुलाखत अडखळली नाही. साड्यांचं दुकान आहे का, एवढंच मुलाखत घेणाऱ्यांनी शेवटी विचारलं. नोकरी तिला मिळाली.

"आता पटलं?" राउटरने कपाटाला विचारलं.

तेवढ्यात केळुसकर आले. "इतका जपून ठेवला म्हणूनच ऐनवेळी कामाला आला," ते तन्मयीला म्हणाले. त्यांनी राउटरवर रुमाल पांघरला आणि पुन्हा कुलूप लावलं.

कपाट लोखंडाचं होतं, तरी त्याला लाज वाटली.