मिलचा मालक

"पण महाराज, माणसाच्या मनात काय होतं, ते न्यायाधीशाला दिसणार कसं?"

त्र्यंबकशेठ वाणी मठाच्या ओट्यावर बसून तेच पुन्हा विचारत होते. तापीकाठच्या या मठात ते लहानपणापासून येत. गुरुमंत्रही त्यांनी इथल्या महाराजांकडूनच घेतलेला. आज मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या कोर्टात त्यांची उलटतपासणी पुढे सुरू व्हायची होती.

महाराज वालाच्या शेंगा सोलत होते.

प्रकरण सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेठांच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सुकलाल नावाच्या कामगाराचा उजवा हात यंत्रात गेला. यंत्रावरची जाळी कधीची तुटलेली होती. सुकलालनं भरपाईचा दावा लावला. निकाल जवळ आला, तशी शेठांनी मिल मेहुण्याला, मोतीलालला विकून टाकली. आता सुकलालचा वकील म्हणत होता, ही विक्रीच खोटी. भरपाई बुडवायला केलेली.

"रीतसर खरेदीखत केलं, नोंदवलं. यात खोटं काय?" शेठ म्हणाले.

"वकिलानं काय विचारलं?"

"साधंच. म्हणाला, घेणारा कोण? म्हटलं, मेहुणा. निकालाच्या तोंडावरच का विकली? म्हटलं, तब्येत साथ देत नाही. स्वतःच्या नावावर दुसरं काही ठेवलंत का? नाही. पैसे कसे मिळाले? रोख. मग म्हणाला, सकाळी मिल उघडतं कोण?"

"कोण उघडतं?"

"...मीच. मोतीलालला त्यातलं काय कळतंय?"

महाराजांची बोटं शेंगा सोलतच राहिली.

"तो मला तोंडावर लबाड म्हणाला असता तर परवडलं असतं, महाराज. भांडता आलं असतं. तो नुसता विचारत गेला, आणि न्यायाधीश लिहून घेत गेले. एकेक उत्तर सुटं घेतलं तर काहीच नाही... पण ती सगळी एकापुढे एक मांडली जात होती. डोळ्याला डोळा नाही. उद्या आणखी काय विचारतील?"

नदीकडून वारा आला, तशी टरफलं ओट्यावर पसरली. शेठ ती गोळा करू लागले.

महाराजांनी सूप बाजूला सारलं आणि ते उठले.

"चल, मोतीलालकडे जाऊ."

"आता? कशाला?"

"मिल मागून घेतो. सुकलालसाठी. मोतीलाल देवभोळा आहे, माझा शब्द मोडायचा नाही."

"मिल? मोतीलालकडे?"

"मालक तोच ना?"

"तो कोण देणारा?"

बोलून झालं होतं...

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. शेठांची कानशिलं तापली. मान आपसूक खाली गेली.

महाराज परत ओट्यावर बसले. खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, आणि शेठांच्या पुढ्यात पसरलं.

"बरं. मग तुझ्याकडेच मागतो."