ढिगातलं मडकं

नद्यांना अजून नावं पडायची होती, इतक्या जुन्या काळी एक कुंभारांचं गाव होतं. लहानांनो, ऐका. थोरांनो, तुम्ही जरा जास्तच ऐका, कारण ही गोष्ट तुमची आहे.

त्या गावची माती चांगली होती आणि गावाला तिचा गर्व होता. त्याहून मोठा गर्व होता गावच्या पारख्याच्या कानाचा. पारखी म्हणजे गावातला सगळ्यात वडीलधारा कुंभार. भट्टी उघडली की तो एकेक मडकं उचलायचा, बोटांवर अधांतरी धरायचा आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारायचा. खणखणीत वाजलं तर मडकं बाजारात जायचं. बद्द वाजलं तर आत तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो की न दिसो. असा कान चाळीस गावांत नाही, असं लोक म्हणत.

या गावाची एक रीत होती. वर्षातून एकदा गावातली सगळी तरणी पोरं आणि पोरी पारासमोर रांगेत उभी राहत. पारखी पारावर बसायचा. ढोल वाजायचा. एकेक जण पुढे आला की पारखी विचारायचा, "बरं आहे ना?" आणि त्याने मोठ्याने म्हणायचं, "खणखणीत!" मग हातावर गुळाचा खडा, आणि चल पुढचा. याला ते विचारणी म्हणत.

कधीकाळी कुणा शहाण्याने ही रीत चांगल्या मनाने घातली असेल. पोरांची कुणीतरी चौकशी करावी, एवढंच त्याच्या मनात असेल. पण चांगली रीतसुद्धा आंबते, आणि आंबलेली रीत लोक पक्वान्न म्हणून वाढतात. पाहुणे आले की गावकरी छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे प्रत्येक पोराला विचारतात हो!" पोरं काय उत्तर देतात, ते कुणी सांगत नसे. सांगण्यासारखं होतंच काय? उत्तर एकच होतं. फार पूर्वी एक मुलगी पारासमोर नुसती गप्प उभी राहिली होती. तिचं लग्न सात वर्षं जमलं नाही. तेव्हापासून कुणी गप्प राहिलं नाही.

त्या गावात दोन भाऊ होते. थोरला चाकावर बसायचा, धाकटा माती तुडवायचा. धाकटा भांडखोर होता. त्याचा हात आधी उठायचा आणि विचार मागून यायचा. थोरला त्याची मानगूट धरून त्याला भांडणातून बाहेर ओढायचा आणि म्हणायचा, "अरे, माती तुडव. माणसं कशाला तुडवतोस?"

एका वर्षी थोरल्याचं काहीतरी बिनसलं. तो चाक फिरवायचा आणि त्यावर माती ठेवायचाच नाही. नुसतं रिकामं चाक बघत बसायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि तिथेच सोडून उठायचा.

एका सकाळी तो बापाला म्हणाला, "बाबा, मला बरं वाटत नाही."

"ताप आहे?"

"नाही."

"पोट बिघडलंय?"

"नाही. आत काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. सकाळी उठावंसं वाटत नाही."

बाप हसला. "ते तर मलाही वाटत नाही. तरी उठतोच ना? कुणी काही बोललं का तुला? कुणा पोरीची भानगड?"

"नाही, बाबा."

"मग कारण काय?"

"कारणच सापडत नाही."

"कारण नाही तर दुखणंही नाही. जा, चाकावर बस."

आई चुलीपाशी होती. तिने मान वर न करता सांगितलं, "विचारणी आठ दिवसांवर आली आहे. असलं तोंड घेऊन लोकांसमोर जाऊ नकोस बाळा."

मग थोरला पारख्याकडे गेला. पारखी अंगणात मडकी पारखत होता.

"आबा, जरा बोलायचं होतं."

"बोल की. पण विचारणीला बोल. ती कशासाठी आहे मग? एकेकासाठी वेगळा बसायला लागलो तर ही मडकी कोण पारखणार? तू?"

असं म्हणून पारख्याने पुढचं मडकं उचललं, अलगद अधांतरी धरलं आणि कान त्याच्या अगदी जवळ नेला. थोरला थोडा वेळ ते बघत उभा राहिला. मग घरी आला.

विचारणीच्या आदल्या दुपारी थोरला ओसरीवर बसला होता. तो धाकट्याला म्हणाला, "जरा बस ना माझ्याजवळ."

बाहेर दोन गाढवांची लाथाळी लागली होती आणि पोरं आरडाओरडा करत होती. धाकटा म्हणाला, "आलोच, दादा." आणि तो पळाला. गाढवं दमली, पोरं पांगली, धाकटा नदीवर पोहायला गेला. दादाजवळ तो बसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. रांगेत थट्टामस्करी चालली होती. "ए, जोरात ओरड हां, नाहीतर गुळाऐवजी शेणाचा खडा मिळेल!" थोरला पुढे आला.

"बरं आहे ना?" पारख्याने विचारलं.

थोरल्याने वर पाहिलं. तो पाराच्या आणखी जवळ सरकला. मागून कुणीतरी खेकसलं, "अरे आटप की! ऊन लागतंय."

"खणखणीत," थोरला म्हणाला.

त्याला गूळ मिळाला. तो त्याने धाकट्याच्या हातावर ठेवला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तो नदीच्या डोहात सापडला.

आता मात्र गावाला वेळच वेळ मिळाला. जिवंतपणी ज्याच्याजवळ घटकाभर कुणी बसलं नाही, त्याच्या दारात अख्खं गाव तेरा दिवस बसून राहिलं. कामं टाकून बसलं. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, लाडावून ठेवला होता. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, "आपण विचारलं होतं हो! सगळ्यांसमक्ष विचारलं. खणखणीत म्हणाला की."

एक जण हळूच म्हणाला, "मातीच कच्ची होती."

धाकट्याने त्याच्या थोबाडीत भडकावली. चौघांनी मिळून त्याला धरलं. "आवरा या पोराला," लोक म्हणाले. त्याला आवरलं सगळ्यांनी. विचारलं कुणीच नाही.

वर्ष गेलं. विचारणीचा दिवस पुन्हा आला. बाप धाकट्याला म्हणाला, "यंदा नीट उत्तर दे. घराची उरलेली अब्रू तरी राहू दे." धाकट्याने मडकी थोपटायची लाकडी फळी कमरेला खोचली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली.

"बरं आहे ना?"

"नाही," धाकटा म्हणाला.

ढोलवाल्याचा हात हवेतच थांबला.

"नीट सांग," पारखी म्हणाला. "लोक बघताहेत."

"नीटच सांगतो. बरं नाही. दादाला पण बरं नव्हतं. तुमच्या अंगणात येऊन गेला होता तो."

"मी त्याला विचारलं होतं. इथे, सगळ्यांसमोर."

पाराच्या कडेला बाजारात न्यायची मडकी रचून ठेवलेली होती. धाकटा त्या ढिगाकडे गेला. कमरेची फळी काढून त्याने ढिगातलं एक मडकं वाजवलं. ठप्प. दुसरं वाजवलं. ठप्प. तिसरं. ठप्प.

"सांगा आबा, यातलं तडकलेलं कोणतं?"

"वेडा आहेस का?" पारखी चिडला. "एकमेकांना टेकलेली मडकी वाजवून कसं कळणार? वेगळं काढावं लागतं. हातात घ्यावं लागतं. कुंभाराचं पोर ना तू?"

"मडकं वेगळं काढता! मडकं हातात घेता! मडक्याला कान लावता!" धाकटा ओरडला. "आणि आम्हाला ढिगात वाजवता? वरून ढोल बडवता? दोन कवड्यांच्या मडक्याला कळतं तुमचं प्रेम, आणि माझ्या भावाला गुळाचा खडा?"

बाप धावला. "गप बस!" म्हणत त्याने धाकट्याचा हात धरला. धाकट्याने तो हिसडला आणि तो पाराच्या पायरीवर चढला.

"चाळीस गावांत असा कान नाही म्हणे. मग माझ्या दादाचा आवाज तुम्हाला ऐकू कसा आला नाही?"

पारख्याने मान खाली घातली. शेजारची गुळाची परात त्याने बाजूला सारली. मग म्हणाला, "आला होता."

"काय?"

"बद्द वाजला होता तो. मला तेव्हाच कळलं. पण मागे रांग होती, ऊन चढत होतं. म्हटलं, मागाहून बोलावून घेऊ."

धाकट्याने फळी उगारली. बायका किंचाळल्या. म्हाताऱ्याने डोकं वाचवायला हातसुद्धा वर केला नाही. पण फळी खाली आलीच नाही. धाकट्याला ओसरी आठवली, दुपार आठवली, लाथा झाडणारी गाढवं आठवली.

"मी पण गेलो नाही," तो म्हणाला. "मला जवळ बस म्हणाला होता. मी पण गेलो नाही!" फळी फेकून तो तिथेच धुळीत बसला आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. त्याची आई गर्दीतून वाट काढत आली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली. या वेळी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे पुसायला घाई केली नाही.

तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मलाही बरं नाही." आवाज इतका बारीक होता, की ढोल वाजत असता तर कुणाला ऐकूच आला नसता. तिच्यामागचा एक दांडगा पोरगा खाली मान घालून म्हणाला, "मलाही."

त्या दिवशी परातीतला गूळ मुंग्यांनी खाल्ला.

ती शेवटची विचारणी. गावाने नदीकडच्या वाटेवर एक छप्पर घातलं. तिथे रोज एक बाई आणि एक बाप्या ऐकायला बसू लागले. त्यांच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी उचललं. तिथे जाणाऱ्याला कारण विचारायचं नाही, गावभर बोभाटा करायचा नाही, आणि एक उठेपर्यंत दुसऱ्याला आत घ्यायचं नाही, एवढेच नियम. पहिल्या महिन्यात पोरांपेक्षा बापच जास्त आले. थोरल्याचा बापही आला. दिवसभर बसला, एक अक्षर बोलला नाही, आणि कुणी त्याला आटप म्हटलं नाही. ती बारीक आवाजाची मुलगी आठ दिवस नुसती येऊन बसायची. नवव्या दिवशी बोलली. ती जगली, म्हातारी झाली.

पारख्यालाही त्या छपराखाली बसायचं होतं. धाकटा म्हणाला, "तुम्ही मडकीच पारखा." त्याने म्हाताऱ्याला माफ केलं नाही. गोष्टीच्या शेवटी माफी असावी असं तुम्हाला वाटत असेल, तर ती तुम्ही आपल्या घरी करा. गाव सुधारलं हे खरं आहे. ते एक भाऊ जाईपर्यंत सुधारलं नाही, हेही खरं आहे.

तात्पर्य: एखाद्याला बरं आहे का असं विचारायचं असेल, तर उत्तर मिळेपर्यंत त्याच्याजवळ बसा; उठून जायचं असेल, तर विचारूच नका.