सांताननं धरलेलं दार

फार फार वर्षांपूर्वी, वसईच्या खाडीत पोर्तुगिजांची गलबतं नांगर टाकायची तेव्हा, खारगोठण गावात सांतान नावाचा पाथरवट राहत होता. त्याच्या छिन्नीखाली काळा दगड लोण्यासारखा उतरायचा, असं म्हणतात.

गावानं चर्च बांधायला काढलं आणि दाराचं काम सांतानकडे आलं. अख्खं वऱ्हाड वाजतगाजत एकदम आत शिरेल, एवढं रुंद दार त्यानं घेतलं.

पाद्रीबाबा म्हणाले, "सांतान, वरची शिळा तेवढ्या पल्ल्यावर तग धरेल का?"

"दारात मधोमध खांब उभा करतो, फादर. त्याच्यावर संत पेद्रू कोरतो. मग बघा."

शिळा चढली. खांबाचा दगड खाडीपलीकडून यायचा होता, तोवर मधे सागाचा टेकू दिला. आणि त्याच आठवड्यात वादळ उठलं. छपरं उडाली तसा सारा गाव चर्चमध्ये शिरला. भरदुपारी खाडी बांध फोडून आत आली. टेकडीवर पळायचं तर वाट त्या एकाच दारातून, आणि लोंढ्यानं टेकू उखडून नेला. वरची शिळा कडाडली.

सांतान धावला. दार त्याच्या दुप्पट उंच होतं. पण त्या दिवशी सांतान वाढला, असं म्हणतात. खांदा शिळेला लागेपर्यंत वाढला.

त्याच्या दोन्ही अंगांनी गाव बाहेर पडला. शेवटी त्याची बायको कात्रीन, आंधळ्या सासूला पाठुंगळी घेऊन, त्याच्यापाशी थांबली.

"समदी गेली. चला आता."

"आईला घेऊन पुढं हो. तुम्ही वर पोचलात की सोडतो."

ती मागं बघत बघत टेकडी चढली. पाणी त्याच्या छातीशी आलं, मग गळ्याशी. सांतान हलला नाही.

पाणी ओसरल्यावर कात्रीनच सगळ्यांत आधी खाली आली. दार शाबूत होतं. मधोमध काळ्या दगडाचा खांब उभा होता आणि खांबात सांतान होता. हात वर, मान टेकडीकडे वळलेली. कात्रीननं पदरानं त्याच्या गालावरचा चिखल पुसला.

"पोचलो हो आम्ही," ती म्हणाली.

पाद्रीबाबांनी त्या खांबाला कधीच कुणाला छिन्नी लावू दिली नाही.

खारगोठणात अजूनही वादळाच्या त्या तिथीला सगळा गाव चर्चपुढं जमतो. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकामागून एक माणूस येतो आणि खांबाला खांदा लावून घटकाभर उभा राहतो. म्हातारे येतात, सुना येतात, परगावी दिलेल्या लेकी मुद्दाम येतात. त्या दिवशी सांतान विसावा घेतो, आणि दार गाव धरतो.