राजकन्येनं समुद्राला काय दिलं

लांब, थंडीच्या मुलखात हॉलंड नावाचा देश आहे. तिथली जमीन समुद्रापेक्षा खाली. म्हणजे पाणी वर आणि माणसं खाली, बरं का. मग लोकांनी काय केलं, कडेनं भला उंच बांध घातला आणि त्याच्या आड घरं बांधली, गाई पाळल्या. फार वर्षांपूर्वी तिथे एक राजा होता. राणी लवकर गेली. मागे एकुलती एक लेक.

राणी नाही म्हटल्यावर राणीची सगळी कामं लेकीवर आली. राजकन्या नुसती झोपाळ्यावर बसून असते, असं वाटतं ना तुम्हाला? छे! सकाळी सातला गाडी दाराशी. आज नव्या पुलाची फीत कापायची, उद्या दवाखान्यात जायचं, परवा शाळेत बक्षिसं द्यायची. गारठ्यात उभं राहायचं, हात हलवायचा, हसायचं. पाय दुखले तरी हसायचं. रडायचं ते घरी येऊन, दार लावून.

मग एकदा राजाच्या मनात आलं, जमीन पुरत नाही, समुद्राकडून थोडी घेऊ. खाडीच्या तोंडाशी नवा बांध घातला. पवनचक्क्या लावल्या. त्या फिरत राहिल्या आणि वर्षभर पाणी उपसत राहिल्या. तळ उघडा पडला. शेवटचा दगड बसवायला राजकन्येला नेलं. बारा वर्षांची होती ती. हातात कागद दिलेला, तो तिनं मोठ्यानं वाचला, "आजपासून ही जमीन आमची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांधापलीकडे समुद्र गप्प पडून होता. ऐकत होता.

राजकन्या मोठी झाली, तेव्हा जहाजांना नाव ठेवायचं कामही तिच्याकडे आलं. आपल्याकडे नव्या होडीपुढे नारळ फोडतात ना, तशी तिथे बाटली फोडतात, आणि राजाच्या घरच्या बाईनं मोठ्यानं नाव घ्यायचं. त्याशिवाय खलाशी जहाजावर पाय ठेवत नाहीत.

पहिल्या जहाजाचं नाव तिनं ठेवलं करकोचा. ते मासे धरायला गेलं आणि परत आलंच नाही. लोक म्हणाले, वादळात सापडलं असेल. मग दुसरं जहाज झालं. त्याचं नाव सिंह. ते तर वारा पडलेला असताना बुडालं. लोक गप्प बसले. मग तिसरं, चांदणी. चांदणी किनाऱ्यावरून दिसत होती. बायका हात हलवत होत्या, आणि हात वर असतानाच ती दिसेनाशी झाली.

मग मात्र लोक बोलायला लागले. राजकन्येची गाडी दिसली की बायका पोरांना घरात ओढून घ्यायच्या.

आणि बुडालेल्यांच्या घरी जायचं, हेही राजकन्येचंच काम बरं का. ती गेली. एकेका दाराशी उभी राहिली. ट्राइन नावाची एक कोळीण होती. तिचा नवरा चांदणीवर होता. तिनं दार अर्धंच उघडलं.

"आत येऊ नका, बाईसाहेब," ती म्हणाली. "माझ्याकडे आता एक मुलगा तेवढा उरलाय. यॉरिस. तो चौथ्या जहाजावर जाणार आहे. त्या जहाजाचं नाव तुम्ही ठेवू नका. पाया पडते तुमच्या."

राजकन्या घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे काम मला सांगू नका."

राजा म्हणाला, "तू नाव नाही घेतलंस तर खलाशी चढणार नाहीत. मासे आले नाहीत तर थंडीत लोकांनी खायचं काय? आणि माझी लेक अपशकुनी आहे, असं मीच सगळ्यांना सांगू?"

राजाचं तरी काय चुकलं?

मग नाव ठेवायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ओहोटीच्या वेळी ती एकटीच बांध उतरून खाली गेली. आभाळ शिशासारखं झालेलं. ओल्या वाळूतून चालत चालत ती पाण्याशी पोचली आणि तिनं विचारलं, "समुद्रा, माझी जहाजं का घेतोस?"

पाणी हळूहळू मागे सरलं आणि समुद्र बोलला. "तूच म्हणालीस ना, ही जमीन आमची? तो आवाज माझ्या कानात बसलाय. माझं तुम्ही घेतलंत. मग त्या आवाजात तू ज्याचं ज्याचं नाव घेशील, ते माझं."

"मग मी नाव घेणंच बंद करते."

"कर. मी बांध फोडीन."

राजकन्येनं मागे वळून पाहिलं. बांधाच्या आड खाडीच्या तळावर हजार घरं झाली होती. धुराड्यांतून धूर निघत होता. कुणीतरी दोरीवर कपडे वाळत घालत होतं.

"काय दिलं म्हणजे तुझं समाधान होईल?" तिनं विचारलं.

"एक नाव तू मला अजून ऐकवलं नाहीस," समुद्र म्हणाला. "तुझं. ते दे. पण दिलंस की गेलं. कुणालाच आठवणार नाही. तुलाही नाही."

ती बराच वेळ उभी राहिली. पाणी बुटात शिरलं. मग तिनं आपलं नाव घेतलं. एकदा मोठ्यानं घेतलं. दुसऱ्यांदा हळू. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले, आणि काय म्हणायचं होतं तेच तिला सुचेना.

काय होतं तिचं नाव? अहो, तेच तर कुणाला माहीत नाही. पुस्तकात नाही, दगडावर नाही. होतं तिथे कोरी जागा आहे.

ती घरी आली. राजा जेवणाच्या टेबलाशी वाट बघत होता. तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. बिचारा किती वेळ आठवत होता. शेवटी म्हणाला, "अगं... ये. बैस." त्या दिवसापासून ती बापाची नुसती 'अगं' झाली.

दुसऱ्या दिवशी बाटली फुटली. राजकन्येनं चौथ्या जहाजाचं नाव ठेवलं कबुतर. टाळी एकसुद्धा वाजली नाही. ट्राइन गर्दीत होती, ती मान वळवून उभी राहिली. कबुतर गेलं. एक महिना गेला, दोन गेले. मग एका सकाळी धुक्यातून शीड दिसलं. जहाज माशांनी भरलेलं, आणि सगळी माणसं सुखरूप.

त्यानंतर एकही जहाज बुडालं नाही. यॉरिसचं लग्न झालं, मुलगी झाली. मग ट्राइन टोपलीत खारवलेले मासे घेऊन राजवाड्यावर आली. तिनं राजकन्येचे हात धरले.

"मी तुम्हाला दारातून परत पाठवलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. आता नातीला तुमचंच नाव ठेवीन म्हणते. पण बघा ना, आठवतच नाही. काय हो तुमचं नाव?"

राजकन्या हसली. गर्दीत हसायची ना, तशीच. "नातीला तुमच्या आईचं नाव ठेवा," ती म्हणाली.

ट्राइननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं काखेतली टोपली खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. आजवर त्या घरात असं कुणी बसलं नव्हतं.

मग काय, बांधाआडची माणसं सुखानं राहिली. पोरं मोठी झाली, गाई व्याल्या. आणि राजकन्येची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराशी आलीच. नवा पूल झाला होता ना कुठेतरी.

चला, पांघरुणं ओढा आता. डोळे मिटा पाहू.